काचेवरची होडी

मुंबईत तेव्हा बोलपट आले होते. आमच्या रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात मात्र मॅजिक लँटर्नचंच केवढं कौतुक! काचेवर चित्र काढायचं, कंदिलाच्या उजेडाने ते पडद्यावर पाडायचं. तिथे मी होऊ घातलेल्या मास्तरांना लिहायला-बोलायला शिकवत असे. डोकं माझं तापट. पोरं पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून आणायची. मी विचारायचो, "हे तुला कुणी सांगितलं रे? जा, लोकांना विचारून ये." माहिती स्वतः जमवायची आणि ती तीन तऱ्हांनी मांडायची, हा माझा नेम. आधी निबंध, मग भिंतीवर लावायचं हस्तलिखित, शेवटी लोकांसमोर लँटर्नवर भाषण.

मिरकरवाड्यातल्या, दर्यात मासे धरणाऱ्या एका खारव्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. लिहायचा झकास, चित्रं त्याहून झकास. बोलायला उभा केला की कागदात तोंड खुपसायचा. घरात थोरला तोच. बापाने मला बजावून ठेवलं होतं, "मास्तर, शिकवायचं म्हंजे चारचौघांत बोलायला हवं. ह्याला येतं का ते नारळी पौर्णिमेपर्यंत बघतो. नायतर जाऊ दे होडीवर." मुलाला मास्तर व्हायचं होतं. आणि मलाही तो हातचा घालवायचा नव्हता, खरंच सांगतो.

विषय त्याने निवडला, वाडीतलं पिण्याचं पाणी. बायकांबरोबर विहिरीवर जाऊन बसला, कुणाकडे पोटं बिघडली ते घरोघर विचारून आला. निबंध वाचून मी लाल शाईची दौत बाजूला सारली. मग त्याने काचा रंगवल्या. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करावी, हा माझाच धडा, म्हणून पहिली काच बापाच्या होडीची.

श्रावण लागला होता. होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं घरी. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात सगळी वाडी जमली. बाप अगदी पुढे मांडी घालून बसला. ताणून बांधलेल्या धोतराच्या पडद्याशी छडी घेऊन मी, मागे लँटर्नपाशी मुलगा.

लँटर्नची एक खोड असते. भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून काच आत घालतानाच उलटी घालावी लागते. हे पोराला तोंडपाठ होतं. कॉलेजातल्या तालमीत त्याची एकही काच चुकली नव्हती.

पडद्यावर होडी आली ती पालथी! तळ वर, शीड खाली.

सभामंडपात एकच गलका झाला. दर्यात जायचे दिवस तोंडावर आलेले, आणि भर देवळात होडी पालथी! "अगो बाय!" कुणी बाई किंचाळली. म्हाताऱ्यांनी देवाला हात जोडले. बाप ताडकन उभा राहिला.

"अरे गाढवा, काच!" मी ओरडलो. मनात म्हटलं, संपलं. गेला हा होडीवर.

पोराने हातातला कागद टाकला. "बाबा, थांबा," तो म्हणाला, आणि घरात बोलतात तसं बोलायला लागला. "ह्यात काच उलटी घालायची असते. पन तुमी समोर बसलेले, तुमच्यादेखत तुमची होडी पालथी धरवली नाय मला. म्हणून सरळ घातली, नि तिकडं पालथी दिसली. होडीला काय झालं नाय. या, तुमीच घाला."

बाप गेला. काच हातात घेऊन त्याने मुलाकडून सगळं पुन्हा समजून घेतलं. देवाकडे एकदा पाहिलं, काच फिरवली आणि आत सरकवली. पडद्यावर होडी सरळ उभी राहिली. मंडपात सगळ्यांनी श्वास सोडला, कुणीतरी हसलंही.

बाप मग जागेवर परतलाच नाही. एकेक काच तोच घालत राहिला आणि मुलगा मोकळ्या हातांनी बोलत राहिला, विहिरीचं, हंड्याचं, पाणी उकळायचं. बायका मध्येच उलट विचारायच्या, तो तिथल्या तिथे उत्तर द्यायचा. काय सांगू, इतका आनंद झाला होता की छडी माझ्या काखेतच राहिली.

माणसं पांगल्यावर मी लँटर्न विझवला. बाप जवळ आला.

"बोलतो की वो पोरगा!"

मी एकेक काच फडक्यात गुंडाळायला लागलो. 

"होडीवर दुसरा गडी बघतो," तो म्हणाला. "पन मास्तर, ती काच तेवढी मला द्या. तुमच्याकडं ती सारखी पालथी धरावी लागेल."