सूर्यानं गिळलेली नावं

“गेला नाही, भिया, दबलाय.” रेडिओवरचा आवाज बुडाला की शेजारच्या काकू मला असं म्हणायच्या आणि बटण सोडून हात मांडीवर ठेवायच्या. आम्ही इंदौरच्या परदेशीपुऱ्यातली माणसं मुक्या रेडिओला आधी दोन चापट्या मारतो. काकूंनी कधी मारल्या नाहीत.

त्यांचे यजमान महूला फौजेत वायरलेसवर होते. ते वारले, पण शॉर्टवेव्हचा सेट आणि त्याची समज काकूंकडे राहिली. “सूरज भडकला ना, की वरची हवा लहरी परत फेकत नाही, पिऊन टाकते. दिवसाच होतं हे,” त्या सांगायच्या.

आमची मिल बंद पडत चालली, तेव्हा त्यांच्या एकुलत्या मुलाची विणाई खात्यातली नोकरी गेली. तो कुवेतला गेला. काही महिन्यांत तिथं इराकी फौज शिरली. ना पत्र, ना फोन. सुटून जॉर्डनच्या छावणीत पोचलेल्यांची नावं एक परदेशी केंद्र रोज दुपारी हिंदीत वाचायचं. मीही मिलमधून घरी बसलेला. रोज काकूंच्या ओट्यावर जायचो.

एका दुपारी निवेदक म्हणाला, “इंदौर, मध्य प्रदेश...” आणि आवाज बुडाला. खरखरसुद्धा नाही. मी सेट उचलायला गेलो, तर काकूंनी मनगट धरलं.

“सेट बिलकुल ठीक आहे.”

त्यांनी मीडियम वेव्ह लावून दाखवलं. गावातलं केंद्र खणखणीत गात होतं. मग पुन्हा शॉर्टवेव्हवर येऊन त्या वाट बघत राहिल्या. आवाज परतला तेव्हा नावं संपून बातम्या लागल्या होत्या.

“इंदौर म्हणाला ना तो?” त्या दिवसापासून काकू सगळ्यांना सांगू लागल्या. “माझ्याच पोराचं नाव होतं. सूरजने बीच में खा लिया.”

आम्ही मान डोलवायचो. तुम्हीही तेच केलं असतं.

दुसऱ्यांची नावं मात्र ऐकू यायची. गावातलं कुणी असलं, की काकू पत्ता विचारत विचारत पार स्नेहलतागंजपर्यंत पायी जायच्या. “तुमचा मुलगा सुखरूप आहे, मी कानांनी ऐकलं,” एवढं सांगून चहाही न घेता परतायच्या.

थंडीत मुलाचा एक सोबती परत आला. काकूंच्या उंबऱ्याशीच थांबला. मी आत होतो.

“आई, तो छावणीपर्यंत पोचलाच नाही. रस्त्यातच ताप चढला. वाळवंटात... कुणी डॉक्टर नव्हता.”

काकूंनी त्याला आत घेतलं, बसवलं. मग हळूच विचारलं, “पाणी दिलं का रे कुणी त्याला?”

“मी दिलं, आई. ह्या हातानं.”

काकूंनी तो हात ओढून घेतला, कपाळाला लावला आणि तसाच धरून बसल्या. तो पोर रडत होता. अंधार पडला तरी दिवा लावायला उठायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.