कमी झालं म्हणजे काय झालं

नांदगाव खंडेश्वरहून बडनेऱ्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत करिश्माची जागा ठरलेली होती, ड्रायव्हरच्या मागची. बडनेऱ्याच्या एका इंग्रजी शाळेत ती बालवर्गाला शिकवायची. घर माळ्याचं. बाप शालिकराम भाजी आणि फुलं पिकवून अमरावतीच्या बाजारात नेणारा, आई माणिकबाई त्याच्या बरोबरीनं वाफ्यात राबणारी. घरातच काय, अख्ख्या गल्लीत इंग्रजी धड यायची ती एकट्या करिश्माला. औषधाच्या बाटलीवरचं असो की बियाण्याच्या पाकिटावरचं, लोक म्हणायचे, "थांबा, करिश्माले येऊ द्या, ते सांगते बरोबर."

धाकटा भाऊ जीवन आयटीआय झालेला फिटर. चेक देशातल्या एका कारखान्यात त्याला काम लागलं, तेव्हा जायच्या आधी काही महिने तो तिकडची भाषा शिकला. संध्याकाळी करिश्मा झेंडूचे हार ओवायची आणि तो समोर बसून शब्द घोकायचा. व्यंजनाला व्यंजन चिकटलेलं, मध्ये स्वराला जागा म्हणून नाही. माणिकबाई म्हणायची, "हे भाषा हाय का दातखीळ बसली माणसाची?" तिघंही हसायची. हसता हसता करिश्मालाही त्यातले काही शब्द येऊन गेले.

जीवन गेला, रुळला. अकोल्याचा सुगत नावाचा मुलगा त्याच कारखान्यात होता, दोघं एका खोलीत राहू लागले. तिकडच्या उन्हाळ्यात एका सुटीला कारखान्यातली पोरं जंगलात फिरायला गेली. परत आल्यावर जीवननं व्हिडिओ कॉल लावला आणि पँट वर करून गुडघ्यामागची जागा दाखवली.

"बाबा, हे पा. इथंबी गोचीड हाय!"

शालिकरामनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. जन्मभर गाईबैलांच्या अंगावरचे गोचीड काढलेला माणूस तो. "ओढू नको जोरात. मुंडकं आत राहून जाते मंग."

"सुगतनं काढला. गोचीड बैल समजून बसला मले."

यावरही सगळे हसले.

थोड्या दिवसांनी जीवनचं अंग कसकसलं, ताप आला आणि उतरला. तो पुन्हा कामावर जाऊ लागला. गोचीड चावून होणारा तो आजार तसाच येतो, हे घरच्यांना फार उशिरा कळलं. एकदा माघार घेतो, माणूस गाफील राहतो, आणि मग तो डोक्यात शिरतो. तिकडची माणसं त्याची लस घेतात. जीवनला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं. गोचिडाचं काय विचारायचं?

मग एका सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, मान वळेना, उजेड सोसवेना. सुगतनं त्याला दवाखान्यात पोचवलं आणि घरी फोन केला. मेंदूला सूज होती. सुगतची पाळी चुकवता येण्यासारखी नव्हती, म्हणून दवाखान्यात नातेवाइकाचा म्हणून करिश्माचा नंबर दिला. इंग्रजी येणारं दुसरं होतं कोण?

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती वर्गात होती. पोरांचा गलका, म्हणून पळत व्हरांड्यात गेली. पलीकडे एक नर्स होती. तिची इंग्रजी तुटकी, आवाज मध्येच विहिरीतून आल्यासारखा. करिश्माला जीवनचं नाव कळलं, मग काही कळलं नाही, मग एक शब्द स्वच्छ ऐकू आला. "डिक्रीज." नर्स पुन्हा म्हणाली, "टुडे, डिक्रीज."

"ताप? फीवर?" करिश्मानं विचारलं.

"येस, येस. डिक्रीज," असं काहीसं आलं आणि फोन कटला. परत लावला तर लागेना.

डिक्रीज म्हणजे कमी होणं. हे तिनं पोरांना फुगा दाखवून शिकवलं होतं. दवाखान्यात कमी होणार ते काय? ताप कमी होणार, दुखणं कमी होणार. आपल्याकडे आजारी माणसाला विचारतात तेसुद्धा "कमी हाय का?" असंच. तिनं तिथूनच घरी फोन लावला. "आई, कमी झालं त्याले. दवाखान्यातून सांगतलं."

माणिकबाईनं हातातलं खुरपं तिथंच टाकलं. खंडेश्वराच्या देवळात नारळ फोडला, पेढे आणले आणि गल्लीत घरोघरी वाटले. शालिकराम तीन दिवस शेतात गेला नव्हता. तो उठला, शेवंतीला पाणी लावून आला आणि पहिल्यांदा पोटभर जेवला.

दिवेलागणीला सुगतचा फोन आला. करिश्मा हसतच म्हणाली, "बरा हाय ना आता?"

 सुगत म्हणाला, "ताई, तुमाले कोणं सांगतलं बरा हाय म्हणून? त्याची शुद्ध कमी होऊन राहिली. दुपारून मशीन लावली श्वासाची."

 करिश्मा अंगणातल्या तुळशीच्या ओट्यावर बसली. आत शालिकराम गुडघ्यावर हात ठेवून टीव्ही पाहत होता. तिनं आत जाऊन टीव्ही बंद केला.

"बाबा, मी चुकलो. कमी झालं म्हणे ते ताप नव्हता."

"मंग काय कमी झालं?"

"शुद्ध."

शालिकरामला आधी कळलंच नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला. माणिकबाईला कळलं.  तेवढ्यात शेजारची मनकर्णाबाई पेढ्यांची ताटली घासून, तिच्यात मूठभर साखर घालून परत द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "देव पावला बाप्पा तुमाले." करिश्मानं ताटली घेतली.  तिनं दार लोटून घेतलं.

पुढचे दिवस ती शाळेतून आली की मोबाइल घेऊन बसायची. शब्दकोशाचं एक पान तिनं शोधून काढलं होतं. त्यात डिक्रीज या एका शब्दापुढं चेक भाषेतले किती तरी शब्द होते. इंग्रजी आणि मराठी जिथं एकाच शब्दावर भागवतात, तिथं त्या लोकांनी प्रत्येक कमी होण्याला वेगळं नाव दिलं होतं. 'पोक्लेस' म्हणजे आपोआप खाली जाणं, वैशाखात विहिरीचं पाणी जातं तसं. 'स्नीझेनी' म्हणजे पातळी खाली आणणं किंवा येणं. नर्सच्या मनातला शब्द हाच असावा, कारण शुद्धीसाठी डॉक्टर तो वापरत. 'झ्मेन्शेनी' म्हणजे आकारानं लहान होणं. 'ऊबितेक' म्हणजे झिजत, गळत, उणं होत जाणं. आणि 'झ्मीर्न्येनी' म्हणजे उतार पडणं, वेदना सैल होणं.

तिला त्या शेवटच्या शब्दाचा ध्यास लागला. भाजी निवडताना, एसटीत, पोरांच्या वह्या तपासताना ती तो ओठातल्या ओठात म्हणत राही. आईनं एकदा विचारलं, "काय पुटपुटून राहिली?" ती म्हणाली, "जीवनच्या दवाखान्याचा शब्द हाय. तो आला म्हणजे बरं." मग माणिकबाईही रोज विचारू लागली, "आला काय तो शब्द?"

पुढच्या फोनवर डॉक्टरीण होती. घाईत, भराभर इंग्रजी बोलणारी. तिच्याही बोलण्यात डिक्रीज आलं. करिश्मानं तिला थांबवलं आणि मोडक्या चेकमध्ये विचारलं, काय कमी झालं? कोणतं कमी?  डॉक्टरीण मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. सूज कमी होते आहे, झ्मेन्शेनी. जीव वाचेल असं वाटतं. पण उजवा खांदा आणि दंड, तिथं ऊबितेक. स्नायू झिजत चालले आहेत. बोलण्याचं आत्ताच सांगता येत नाही.

त्या दिवशी करिश्मानं घरी सगळं सांगितलं, एकही गोष्ट झाकली नाही. माणिकबाई म्हणाली, "जीव वाचते ना? मंग बस." शालिकराम उठून गोठ्यात गेला. बऱ्याच वेळानं करिश्मा पाहायला गेली तेव्हा तो गाईच्या कानामागचे गोचीड उपटून दगडावर ठेवून चिरडत होता. दगड रक्तानं लाल झालेला. "एवढंसं जनावर," तो म्हणत होता, "एवढंसं." आठवडाभरात त्यानं गाय विकली. माणिकबाई त्याला ओरडली, "गाईनं काय केलं तुमचं?"  दावणीकडे त्याला पाहवत नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला सुगत सुटी काढून जीवनला घेऊन आला. नागपूरच्या विमानतळावर व्हीलचेअर बाहेर आली, तेव्हा माणिकबाई तिच्या पुढून निघून मागच्या माणसांत मुलगा शोधू लागली. इतका तो बदलला होता. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, खांदा आत बसलेला, मान एका अंगाला. त्यानं आईकडे पाहून तोंड उघडलं. "आ..." बराच वेळ तेवढंच. मग "आई" पूर्ण झालं.

चेक भाषा त्याच्या डोक्यातून पार गेली होती. इंग्रजीही. उरली ती वऱ्हाडी, तीही मोजकी, एका शब्दाहून दुसऱ्या शब्दावर उडी मारत. राग मात्र शाबूत होता. डाव्या हातानं घास सांडला की ताट भिरकावून द्यायचा. एकदा करिश्मानं ते गोळा करता करता त्याला त्या पेढ्यांची गोष्ट सांगितली. तिला ती कोणाजवळ तरी बोलायचीच होती. तो ऐकत राहिला. मग तोंड वाकडं करून, शब्द ओढून ओढून म्हणाला, "मले... नाई... ठेवला... एकबी?" ती हसली आणि तशीच रडायला लागली. तो डाव्या हातानं तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिला, जरा जोरातच, कारण त्या हाताचा नेम अजून बसला नव्हता.

अकोल्याच्या एका डॉक्टरांनी वर्षभर व्यायाम करवून घेतले. पाय सुधारले, तो काठीनं चालू लागला. हात नाही. डॉक्टर सरळ बोलले, "आता यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका." परतीच्या गाडीत शालिकरामनं मुलाचा मेलेला हात स्वतःच्या हातात घेतला आणि नांदगावपर्यंत सोडला नाही.

त्याच सुमारास तेल्हाऱ्याच्या गजेंद्र नावाच्या मुलाच्या घरून करिश्माला मागणी आली. कापसाची काळी जमीन, समजूतदार माणसं. बैठक झाली, चहा झाला. गजेंद्रची आई सरळच म्हणाली, "पोरगी आमाले पसंत हाय. पण लग्न झाल्यावर माहेराकडे सारखं येणंजाणं नाई जमायचं." करिश्मानं बापाच्या तोंडाकडे न पाहता सांगितलं, "मंग नाई जमायचं काकू." कोणी भांडलं नाही. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि ते निघाले. माणिकबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्याला तेल लावून देताना म्हणाली, "आमी गेल्यावर तुमी दोघंच राहान." करिश्मा म्हणाली, "राहू."

सुगत परत कामावर गेला. त्यानं तिचा नंबर तिकडच्या पोरांना दिला असावा, कारण आता अधूनमधून अनोळखी फोन येतात. कोणाचा अपघात, कोणाचं ऑपरेशन, आणि इकडे गावात आईबाप हवालदिल. ती चेक चांगलीच शिकली आहे, दवाखान्यात विचारून त्यांना सांगते. त्याचे पैसे ती घेत नाही आणि आशाही कोणाला देत नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याहून शकुन नावाच्या बाईचा फोन आला. मुलगा कारखान्यात उंचावरून पडला होता. "तिकडून फोन आलता बाई, काई समजलं नाई. तू विचारून सांग." करिश्मानं शाळेतून सुटी घेतली, दवाखान्याला फोन लावला, नर्सला दोनदा विचारून खात्री केली आणि शकुनबाईला फोन केला.

"काकू, बसल्या हायत ना तुमी?"

"बसलो. कमी हाय ना त्याले?"

"नाई काकू. अजून कमी नाई. रक्तदाब लई खाली चालला. खोटं नाई सांगत तुमाले."

पलीकडे बाई रडू लागली, मग चिडली, म्हणाली, "तुले समजलंच नसन बरोबर," आणि फोन ठेवून दिला. तिला परत फोन लावावा की नाही, हे करिश्माला ठरवता येईना. आतून जीवननं हाक मारली. त्याची आंघोळीची वेळ झाली होती. तिनं मोबाइल खिडकीत ठेवला, चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, हात घालून ते फार कढत नाही ना ते पाहिलं, आणि त्याच्या सदऱ्याची बटणं सोडायला गेली.