थोरल्यानं लिहिलं, धाकट्यानं चढवलं

माझी शाळा चौथीतच सुटली, पण माग कुठं अडतो ते अख्खं वडगाव मला विचारायला येतं. माझ्या थोरल्या पोरानं साडीचं डिझाईन मागाला कळंल असं करून देणारा प्रोग्राम जावा ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला आणि साऱ्या जगाला फुकट सोडला. कुणीबी घ्या, कुणीबी बदला. धाकटा निपाणीत नोकरीला. नवी आवृत्ती इंटरनेटवरच्या मोठ्या कोठारात चढवायचा पासवर्ड त्याच्याकडं.

प्रोग्राम सगळा घरचा न्हाय. चित्र वाचणारी लायब्ररी, म्हंजी आयता लिहिलेला तुकडा, परक्याची, तिच्यावर आपलं चालतं. त्या परक्यानं तिची नवी आवृत्ती काढली. धाकटा म्हणाला, जुनीत चोर शिरायला भोक हाय, बदलू. थोरला म्हणाला, आधी मागावर तपासू. धाकट्यानं न विचारता बदलून चढवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, धाकटा घरी आलेला. गल्लीतल्या कॉम्प्युटरांनी नवी आवृत्ती आपसूक घेतली आणि काठातल्या कुयऱ्या उलट्या पडायला लागल्या. रेशीम वाया. चिडलेले विणकर माग बंद करून आमच्या दारात.

"नाव तुझं हाय न्हवं त्यावर?" म्हणत एकानं थोरल्याच्या थोबाडीत दिली. ओठ फाटला. थोरल्यानं वळून धाकट्याची गचांडी धरली आणि त्याला मागावर आपटलं. धाकट्यानं डोकं मारून त्याचं नाक फोडलं.

"काढ ते परत!"

"एकदा चढलेलं निघत न्हाय अण्णा, तुलाबी ठाव हाय. वरनं नवी चढवायला लागती."

"मग चढव की!"

"आधी सगळ्यांम्होरं म्हण, भोक होतं. मग घालतो पासवर्ड."

लोकांचे माग बंद, आणि ह्याला मान पाहिजे. मी कोपऱ्यातली लाकडी दांडी उचलली. "मान ह्या घरात मी दिला तर मिळतो, रं!" दोन हाणल्या खांद्यावर. तिसरीला त्यानं दांडी हिसकली आणि माझ्याच बरगडीत घातली. मी खाली बसलो. बायकोनं बोंब ठोकली.

थोरला मनगटानं रक्त पुसत कॉम्प्युटरपुढं बसला. जुनी लायब्ररी परत जोडली, आपल्या आवृत्तीला पुढचा नंबर दिला, उलटा काठ सरळ झाला का ते बघितलं. मग मान वर न करता म्हणाला, "भोक होतं. पर मला दाखवायचं होतंस."

धाकट्यानं दांडी टाकली, वाकून पासवर्ड घातला. थोड्या वेळानं गल्लीत एक माग खडखडला, मग शेजारचा.

"आप्पा, लई लागलं का?"

"हॅट्! तुझ्या हातात जोर कुठला आलाय?"

ते भोक अजून बुजायचं हाय. त्यासाठी रविवारी दोघं शेजारी बसून एकमेकाला शिव्या देतात, आणि दोघांनी व्हय म्हटल्याशिवाय कोठारात काय चढत न्हाय. माझी बरगडी मोडलीती, ते धाकट्याला ठाव न्हाय. ठाव व्हायचं कारणबी न्हाय.