शेंदराखालचा आकडा

वडील विहिरीत उतरून गाळ काढत होते. रोज मोट ज्या लोखंडी आकड्याला लागायची, त्यालाच गाळाची बादली लावली होती. आकडा तुटला आणि भरली बादली त्यांच्या डोक्यावर आली. ते गेले. आकडा घडवला होता गावातल्या लोहारकाकांनी. "लोखंडच कच्चं घातलं त्यानं," असं अमडापूरभर झालं. त्यांच्याकडे कोणी काम टाकेना. मीही त्यांच्याशी बोलणं सोडलं.

तुटका आकडा फडक्यात बांधून जपला. पुढे मुंबईत धातूंच्या प्रयोगशाळेत लागलो, तिथं नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम मिळालं. काकांची चूक एकदाची सिद्ध करायची, एवढंच डोक्यात. खोटं काऊन बोलू?

तुटलेल्या तोंडाचा पातळ छाप घेऊन यंत्रात घातला. हिरवट पडद्यावर एकीशेजारी एक बारीक रेघा दिसल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. लोखंड आतल्या आत थोडं थोडं सरकतं आणि दर ओढीला भेग रेघभर पुढे जाते. मोटेची एकेक ओढ तिथं उमटली होती. लोखंड चांगलं होतं. दमून तुटलं होतं. भेग कित्येक वर्षांची होती, मग ती कोणालाच कशी दिसली नाही?

ते साध्या भिंगातून कळलं. भेगेत शेंदूर उतरला होता. दर दसऱ्याला अवजारं पुजताना आकड्याला शेंदूर चोपडायचो तो मीच. जुना थर खरवडायचा नाही, ही आमच्या घरची रीत. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

गावी गेलो तो आधी लोहारकाकांकडे. भाता कोपऱ्यात धूळ खात पडला होता. सगळं सांगून पाय धरले. त्यांनी मला उठवलं.

"मले काऊन सांगतं बाबू? माह्या हातचं लोखंड मले ठाऊक होतं. तुह्या मायले सांग."

आई चुलीपुढे बसली होती. ती बोल लावेल असं वाटलं होतं, लावायलाच हवा होता. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं.

"शेंदूर तं मीच कालवून देत होती तुले," एवढंच म्हणाली.

सकाळी उठलो तर ती घरात नव्हती. कोनाड्यातला बोथट विळा घेऊन ती लोहारकाकांच्या दारात बसली होती, आणि आत भाता चालू झाला होता.