पॉलिशचा वास

दारू सुटेपर्यंत माणसाची नोकरी केव्हाच सुटलेली असते. या गृहस्थाचंही तसंच झालं होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून तो बरा होऊन आला, तेव्हा ओळखीचे लोक तोंडभर अभिनंदन करायचे आणि कामाचं नाव काढलं की घड्याळाकडे बघायचे. शेवटी एका फर्निचरवाल्याने त्याला लाकडाला पॉलिश करायला ठेवून घेतलं.

"आधीचा पॉलिशवाला माझं स्पिरिट पिऊन टाकायचा," मालक म्हणाला. "तुम्ही सोडलीय म्हणता, म्हणजे माझा डबा वाचला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या विश्वासाने त्याच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

दिवसभर त्याने स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने एका कपाटावर हात मारले. संध्याकाळी कपाटात चेहरा दिसायला लागला. स्वतःचा चेहरा बघून त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. कधी एकदा बायकोला सांगतो असं झालं होतं. तो जवळजवळ पळतच घरी आला.

बायकोने दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "वास येतोय."

"अगं, पॉलिशचा आहे!"

झालं. आजवर हा माणूस खोकल्याच्या औषधाचा, दाढीच्या लोशनचा, बसमध्ये शेजारी बसलेल्याचा वास घेऊन घरी आला होता. पॉलिश तेवढं राहिलं होतं. बिचारा पहिल्यांदाच खरं बोलत होता आणि नेमकं तेच सगळ्या थापांहून खोटं वाटत होतं. ती कपाटावरची बॅग काढायला लागली. माहेरी जायची ती बॅग त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

तो धावत जाऊन मालकाला घेऊन आला. पण मालकही दिवसभर तिथेच बसलेला. आता दारात दोघं घमघमत उभे.

"वहिनी, शपथेवर सांगतो..."

बायकोने नाक दाबलं. मग काय वाटलं कोण जाणे, ती नवऱ्यासमोर आली. "तोंड उघडा."

शर्टाला वास होता, हातांना वास होता. तोंडाला मात्र नुसत्या चहाचा. तिने बॅग परत वर ठेवली.

तेव्हापासून तो नेमच झाला. दारात आधी तोंड उघडायचं, मग चपला काढायच्या. शेजारी हसायचे. पूर्वी त्याने त्यांच्या अंगावर धावून जाऊन चार शिव्या हासडल्या असत्या. आता तो मनातल्या मनात मालकाचे, लाखेचे, बायकोच्या नाकाचेसुद्धा आभार मानायचा.

परवा तो असाच उंबऱ्यात आ वासून उभा राहिला. बायको भाजी चिरत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"अहो, माशी जाईल तोंडात. हात धुवा आणि जेवायला बसा."

तोंड मिटायला त्याला बराच वेळ लागला.