शर्यतीच्या वाटेवरचं दार

बायको पहिल्या बाळंतपणासाठी नाचणगावला माहेरी गेली होती आणि मी पुलगावला शाळेत विज्ञान शिकवत होतो. दोन्ही गावं इतकी लागून की शाळा सुटल्यावर सायकल काढली, की दिवेलागणीच्या आत सासुरवाडीला. तरी लेक जन्मून पंधरवडा उलटला आणि मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस मी समजून घेतले. विटाळ, बाळंतिणीची खोली, पुरुषांनी आत जायचं नाही, ठीक आहे. पण पुढे रोज नवं कारण निघायला लागलं. एकदा म्हणे आत्ताच निजली. एकदा तेल लावून शेकायला घेतली होती. एकदा नुसती किरकिरत होती, म्हणून नको. मी चपला काढेपर्यंत सासूबाई मध्ये उभ्या. "बसा जवाईबापू, चहा ठेवते." असा चहा मी इतका प्यायलो की मला त्याच्या वासाचाही राग येऊ लागला. बारसंही परस्पर पुढे ढकललं. सासरे एरवी गप्पिष्ट माणूस, तेही माझ्याशी फक्त कापसाबद्दल बोलायला लागले, आणि तेही जमिनीकडे बघून. तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला. पोरीत काहीतरी खोट आहे आणि हे लोक ती लपवताहेत. ओठ फाटलेला असेल. पाय वाकडा असेल. दिसत नसेल. शाळेत कोणी विचारलं, "पोरगी कोनावर गेली जी?" की मी खडू शोधायचं सोंग करायचो.

त्यात ती शर्यत आली. आमच्या व्यायामशाळेने दिवाळीच्या सुट्टीत तिहेरी शर्यत ठेवली होती. आधी नदीत पोहून पलीकडे जाऊन परत यायचं, मग सायकलने नाचणगावला वळसा घालून यायचं आणि शेवटी पळत व्यायामशाळा गाठायची. पोहण्यात मी लहानपणापासून तरबेज, नाव केव्हाच देऊन बसलो होतो. हे कळल्यावर सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"औंदा नका उतरू पान्यात."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? लेकराचे बाप झाले आता तुम्ही."

लग्न झाल्यापासून मी दर वर्षी पोहत होतो, तेव्हा या बाईंना काही पडलेली नव्हती. आताच काय झालं? मग माझ्या ध्यानात आलं. सायकलचा रस्ता नेमका त्यांच्या दारावरून जात होता. त्या दिवशी अख्खं घर रस्त्यावर येणार, खोलीवर पहारा नसणार. यांना तीच भीती असणार, असं मी ठरवून टाकलं. मी तर आता तेवढ्यासाठीच उतरणार होतो. बक्षीस गेलं खड्ड्यात.

पाणी गार होतं आणि मध्यावर चांगली ओढ होती. पोहून वर आलो तेव्हा माझ्यापुढे एकच जण होता. ओल्या चड्डीवर सदरा चढवला आणि सायकलवर टांग मारली. नाचणगावात लोक दोन्ही बाजूंना उभे होते. सासू-सासरे दारात उभे राहून येणारा एकेक सायकलवाला न्याहाळत होते. त्यांची नजर पडायच्या आत मी अलीकडच्या बोळात सायकल घातली, ती भिंतीला टेकवली आणि मागच्या अंगणातून सरळ खोलीत शिरलो. आत ओव्याचा धूर कोंडला होता. बायको बाजेवर बसलेली, मांडीवर पोर. मला पाहताच तिने पोरीला छातीशी दाबलं आणि भिंतीकडे वळली.

"दाखव," मी म्हणालो. "काय झालं तिले? मले सगळं समजलं."

"काहीच नाई झालं तिले. चांगली धडधाकट हाय."

"मंग लपवता काऊन?"

आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. त्यांनी चक्क मला हात जोडले. "मूळ नक्षत्रावर आली जी पोरगी. तुमच्याच जिवाले जड हाय. शांत होऊ द्या, मंग पाहा तोंड."

या नक्षत्रावरच्या मुलाची सत्तावीस दिवसांनी शांत करतात, तोवर बापाने त्याचं तोंड पाहायचं नाही, हे मी ऐकून होतो. पंचांगाची टिंगल करण्यात मी गावात प्रसिद्ध. खरं सांगितलं असतं तर मी हसत हसत आत घुसलो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सगळ्यांनी मिळून मला पंधरा दिवस चहा पाजला. माझं डोकंच भडकलं.

"तू त मॅट्रिक झालेली हायेस," मी बायकोवर ओरडलो. "तूबी मानते काय हे?"

ती भिंतीकडे तोंड करूनच बोलली. "मी नोती मानत. आई सांगे त हासत होती मी. पन आज सकाळी तुम्ही पान्यात उतरले, तवापासून मानून राह्यली."

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, पाठ हलत होती नुसती.

दुपट्यातून पोरीचं एक पाऊल बाहेर आलं होतं. सरळ, लालसर, पाचही बोटं जागच्या जागी. मी ते धरलं. माझा हात गार लागला असावा; तिने पाय झटकन ओढून घेतला आणि टाहो फोडला. तोंड पाहायला बाजेच्या पलीकडे जायचं होतं फक्त. पण बायकोने डोळे गच्च मिटले होते. मी मागे फिरलो.

परतीच्या रस्त्याला मी सायकल अगदी कडेने, दोन्ही हातांनी हँडल धरून चालवली. मागून लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या ट्रकचा हॉर्न आला की खाली उतरून मातीत उभा राहायचो. मागचे एकेक जण पुढे निघून गेले. एकाने ओरडून विचारलं, "काऊन मास्तर, पंचर झाली काय?" मी नुसती मान हलवली. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या दिवशी मला साधं खरचटलं असतं, तरी ते त्या पोरीच्या माथी मारलं गेलं असतं.