लचकलंय नुसतं

मोडलेल्या हाडाला हात घालायला माणसं धावली, की नाथाजीला शिसारी येते. चोवीस वर्षं फौजेत त्यानं जखमी जवानांची शुश्रूषा केली. आता शिराळ्याच्या वरच्या डोंगरात दोन म्हशी चारतो. गावात कुणी पडलं की एक जण तेल चोळतो, दुसरा पाय ओढतो, तिसरा नुसताच शहाणपणा शिकवतो. नाथाजी तिघांचाही उद्धार करतो, म्हणून त्याला सहसा कुणी बोलावत नाही.

त्या सकाळी किंकाळी ऐकून तो आपणहूनच धावला. पोलीस भरतीसाठी रोज चढ पळणारी शिवांजली दगडावरून घसरली होती. आणि तिचा बाप जयराज, फौजेतला निवृत्त हवालदार, तिला बगलेत धरून चक्क चालवत होता!

"आवं नाथाण्णा, लचकलंय नुसतं. चाललं की मोकळं हुतंय."

"बसव तिला! आधी खाली बसव!"

तेवढ्यात पोरीनं आणखी एक पाऊल टाकलं आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. नाथाजीनं याहून वाईट जखमा पाहिल्या होत्या. त्याला शिसारी आली ती जयराजच्या बोलण्याची.

"फौजीची लेक हायस. रडायचं न्हाई."

"तू गप रं! आन् हाड आत ढकलाया हात लावलास, तर तुजाच मोडीन."

तिच्या पिशवीतली धुतलेली ओढणी त्यानं जखमेवर अलगद झाकली. कारवीच्या सरळ काठ्या तोडल्या, टॉवेलाच्या घड्या मध्ये घातल्या आणि पाय होता तसाच मांडीपासून टाचेखालपर्यंत बांधला. बोटं दाबून विचारलं, "कळतंय का पोरी?" कळत होतं. बोटं गरम होती. मग गावातून चार गडी आले आणि घोंगड्याच्या झोळीतून तिला खाली नेलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बांधणी पाहून मान डोलावली. मग जखम पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. "मोडल्यावर हिला चालवलं कुणी?"

"तीच उठली वो," जयराज म्हणाला. "लय हट्टी हाय."

नाथाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तोंड उघडणार, तोच शिवांजलीनं त्याची बाही घट्ट धरली.

"व्हय, मीच उठले."

"मग वर्षभर पळणं विसर," बाई म्हणाल्या. यंदाची भरती गेली. पोरीनं भिंतीकडं तोंड केलं. तिला त्याच बापाच्या घरी परत जायचं होतं, म्हणून ती खोटं बोलली, हे नाथाजीला कळत होतं, आणि तरीही तो गप्प राहिला.

बाहेर जयराजनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. "बरं केलंसा नाथाण्णा, काय बोलला न्हाईसा."

नाथाजीनं तो चहा प्याला. त्या चहाची आणि स्वतःची किळस त्याला अजून जात नाही.